प्राचीन कल्याणचे नागरिक

प्राचीन शहरांचा विषय निघाला, की आपले मन मोहेंजोदडोला नाही तर इराकातील उर शहराला जाऊन पोहोचते. ते योग्यच आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी भाजक्या विटांची घरे, घराघरांत न्हाणी आणि रस्त्याच्या कडेने झाकलेली गटारे बांधणारे लोक जगात फार थोडे होते. पण शहाडच्या श्रोत्यांपुढे बोलताना इतक्या दूर जाण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आपल्या कोकणातील सर्वांत जुनी म्हणून जी शहरे सांगता येतात त्यांत सोपारा आणि कल्याण ही दोन आघाडीची, आणि त्यांतले कल्याण येथून आगगाडीच्या एका स्टेशनावर आहे.

मोहेंजोदडोची घरे सापडली, रस्ते सापडले, पोरांची खेळणीदेखील सापडली. परंतु तेथील लोकांची लिपी अजून कोणालाही निर्विवादपणे वाचता आलेली नाही. त्यामुळे एकाही रहिवाशाचे नाव आपणांस ठाऊक नाही. कल्याणचे नेमके उलट आहे. आजचे कल्याण जुन्या कल्याणच्या अंगावरच वसलेले असल्यामुळे घरे उघडी करून पाहण्याची सोय नाही. मात्र तेथील माणसे आपली नावे, गाव आणि धंदा साष्टी बेटावरील कान्हेरीच्या लेण्यांत कातळावर कोरून गेली आहेत. अठराशे ते दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत.

ही माणसे कोण, हे पाहण्यासारखे आहे. राजे आणि सेनापती यांची आपणांस सवय. पण येथे कल्याणचा सामिदत्त नावाचा सोनार भेटतो. त्याने कान्हेरीला पिण्याच्या पाण्याचे टाके दिले. कल्याणचाच नंद नावाचा लोहार भेटतो. त्याने दिली एक वाट. डोंगरात पायवाट खोदून देणे म्हणजे लोहाराला साजेसेच दान झाले, कारण कातळ फोडणारी छिन्नी अखेर लोहाराच्याच भट्टीतून येते. (हा आमचा तर्क, लेखात एवढे काही नाही.) शिवाय व्यापारी आहेत. आपल्या धंद्याची लाज न बाळगता, उलट तो नावाला जोडून सांगणारा हा समाज होता. लोहाराच्या कमाईत घरखर्च भागून दानापुरती शिल्लक राहत असे, ही एकच गोष्ट त्या शहराच्या अवस्थेविषयी पुष्कळ सांगते.

पाण्याच्या टाक्याला त्या प्राकृतात ‘पोढी’ म्हणत. कान्हेरीत बहुतेक प्रत्येक लेण्याशेजारी एक पोढी आहे. पावसाळ्याचे चार महिने मुबलक पाणी आणि पुढचे आठ महिने चिंता, हा कोकणचा जुना हिशेब. तो तेव्हाही चुकला नव्हता. म्हणून दानात सोन्यानाण्याइतकाच मान पाण्याला असे.

आता पैशाकडे वळू. याविषयीचा उत्तम पुरावा कल्याणचा नसून नाशिकच्या पांडवलेण्यांतला आहे. पण बाजार आणि माणसे एकाच व्यवहारातली. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण नाशिकजवळच्या गोवर्धन गावातील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांचा संघ. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक टक्का व्याज ठरले आणि हजारांवर पाऊण टक्का. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस होते. लेखात म्हटले आहे, की लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावेत. वीस गुणिले बारा करून पाहा, हिशेब पैचाही चुकलेला नाही! या ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत: मुद्दल कधीच परत मागायचे नाही, केवळ व्याज घेत राहायचे. ज्याच्या हाती राज्याची तिजोरी, तो माणूस आपला पैसा कायमचा ठेवण्यासाठी विणकरांचा संघ निवडतो. राजे बदलतील, पण मागावरचे काम थांबणार नाही, असा त्याचा हिशेब असावा. पुढे तिसऱ्या शतकात आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी अशीच ठेव तेल्यांकडे आणि पाण्याची यंत्रे करणाऱ्यांकडेही ठेवलेली आढळते.

हा पैसा येत होता मुख्यतः वाटेवरून. शहाडहून मुरबाडकडे जो रस्ता जातो, त्याच दिशेला पुढे सह्याद्रीत नाणेघाट आहे. त्यातून वर चढले की जुन्नर आणि तेथून पैठणची वाट. घाट इतका उभा, की गाडीचे तेथे काम नाही. माल बैलांच्या अगर माणसांच्या पाठीवरूनच उतरत असला पाहिजे. घाटाच्या माथ्यावर सातवाहनांची राणी नागनिका हिचा प्रसिद्ध लेख आहे आणि एक मोठा दगडी रांजण आहे; त्यात जकात टाकीत, असे सांगतात. पण वाटसरूला अधिक उपयोगी पडले असेल ते तेथलेच पाण्याचे टाके. ते सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेले. ओझे वाहून तेथवर आलेल्या हमालाचे नाव मात्र कोठेही कोरलेले नाही, तसेच खाडीतून होड्या वल्हवणाऱ्यांचेही नाही. टाके खोदवण्याइतका पैसा त्यांच्यापाशी नव्हता, म्हणून ते इतिहासात नाहीत.

अशा शहराचे पोट बंदरावर. पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले ‘पेरिप्लस’ नावाचे सागरी प्रवासाचे टिपण उपलब्ध आहे. थोरल्या सारगनाच्या म्हणजे कोणा सातकर्णीच्या काळी कल्याण हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पण ते संदनेसच्या ताब्यात गेल्यापासून तेथे अडथळा फार, आणि चुकून तेथे शिरलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो सांगतो. हा सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याचा परिणाम होय. इतिहासाच्या पुस्तकात तो दोन ओळींत संपतो. कल्याणच्या धक्क्यावर त्याचा अर्थ काय झाला असेल? ज्या मोसमात परदेशी गलबतांची वाट पाहायची, त्या मोसमात धक्का रिकामा. वखारवाला, होडीवाला, हमाल, त्यांना उधार देणारा वाणी, सर्वांचाच हिशेब त्या साली बिघडला असणार. भडोचला जाईल तो माल आता नाणेघाट उतरेल कशाला?

तरीही शहर मोडले नाही. कान्हेरीतील कल्याणकरांची दाने या घटनेनंतरच्या काळातही चालूच राहिली, आणि सहाव्या शतकात कॉस्मस नावाचा प्रवासी लिहितो, की कल्याण हे मोठ्या व्यापाराचे ठिकाण असून तेथून तांबे, लाकडाचे ओंडके आणि कापड बाहेर जाते. तेथे ख्रिस्ती लोकांची वस्ती असून त्यांचा धर्मगुरू इराणातून नेमून येतो, हेही त्याने नोंदवून ठेवले आहे.