मालवण: करवीरचा जुना किनारा

मालवण म्हणजे सुरमईचं ताट आणि पाण्याखालची डुबकी, एवढ्याच हिशेबाने बरेच कोल्हापूरकर गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरतात. पण या गावाशी करवीरचं, म्हणजे कोल्हापूरचं, नातं पर्यटनाहून जुनं आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये इथल्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची उभारणी सुरू केली. पुढे किल्ला आणि मालवण करवीर छत्रपतींकडे आले आणि १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे गेले. चहूकडे खारं पाणी असूनही किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी आहे. किल्ल्यात वस्ती टिकली ती तटाइतकीच या पाण्यामुळे.

सुट्टी मजेसाठी असते, तिथे इतिहासाचं ओझं कशाला, असं कुणी म्हणेल. पण मजेलाही आधार लागतो. १९८७ मध्ये इथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, कारण प्रवाळ आणि मासे जपले नाहीत तर डुबकीत पाहण्यासारखं काही उरणार नाही. किल्ला आणि समुद्र समजून घेणारा पाहुणाच दोन्ही जपतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, घाटात दरडीही कोसळतात. म्हणून हिवाळ्यात जा. आधी किल्ला पाहा, मग किनारा, जेवण शेवटी.