मेल्यानंतरचा हिशोब : बौद्ध विचारातली शिक्षा आणि बक्षीस

(टेंभुर्णी येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

मागच्या वेळी मी इथे 'कर्म' या शब्दावर बोललो होतो. सभा संपल्यावर एक बाई थांबल्या. त्यांचा नातू जन्मापासून चालू शकत नाही. भावकीतलं कुणीतरी त्यांच्या सुनेला तोंडावर म्हणालं होतं, मागच्या जन्मीचं पाप आहे, भोगलंच पाहिजे. बाईंनी विचारलं, "सर, आपला धम्मही असंच सांगतो का?" मी घाईत 'नाही' म्हणून मोकळा झालो. पुढे बसमध्ये इंदापूर येईपर्यंत ते 'नाही' मला टोचत राहिलं. कारण उत्तर इतकं सोपं नाही. म्हणून आज तोच विषय घेतला आहे.

पहिली गोष्ट कबूल करून टाकू. पाली ग्रंथांत नरक आहे, आणि चांगला भयंकर आहे. मज्झिम निकायातलं देवदूत सुत्त वाचा. तापलेल्या लोखंडी खुंट्या, धगधगत्या निखाऱ्यांचा डोंगर, सगळं आहे. पण त्यात एक वेगळी गोष्ट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. मेलेल्या माणसाला यमापुढे आणतात तेव्हा यम वही उघडत नाही. तो प्रश्न विचारतो. तुला देवदूत दिसले नाहीत का? कुठले देवदूत, तर स्वतःच्याच घाणीत पडलेलं तान्हं बाळ, काठी टेकत जाणारा म्हातारा, अंथरुणाला खिळलेला रोगी, राजाची माणसं ज्याला शिक्षा देत आहेत असा चोर आणि प्रेत. हे पाहून, आपलंही असंच होणार, तेव्हा नीट वागावं, असं तुला वाटलं नाही का? माणूस म्हणतो, गाफील राहिलो. यम सांगतो, हे कृत्य तुझ्या आईनं केलं नाही, बापानं नाही, भावानं नाही, तूच केलंस. आणि मग तो गप्प बसतो. शिक्षा फर्मावत नाही. उलट त्याच सुत्तात यम स्वतःच म्हणतो, मला मनुष्यजन्म मिळावा आणि बुद्धाचा उपदेश ऐकायला मिळावा! आपल्या डोक्यातल्या चित्रगुप्ताच्या खातेवहीपेक्षा हे चित्र अगदी निराळं आहे.

दुसरं असं की हा नरक कायमचा नाही. कर्माचा परिणाम संपला की तिथला मुक्कामही संपतो. स्वर्गाचंही तेच. देवसुद्धा मरतात, खाली येतात. स्वर्ग म्हणजे मुदत ठेव समजा, मुदत भरली की बाहेर. म्हणून स्वर्ग हे बुद्धाचं अंतिम ध्येय नाही. अजिंठ्याच्या 17 क्रमांकाच्या लेण्यात ओवरीच्या भिंतीवर हे फिरणारं चक्र रंगवलेलं होतं, आता त्याचा तुकडाच उरलाय. सुरुवातीच्या युरोपीय पाहुण्यांना ते राशिचक्र वाटलं आणि त्या लेण्याला तेच नाव पडलं.

मग तुम्ही विचाराल, आत्माच नाही म्हणता, तर शिक्षा भोगतो कोण? मिलिंद राजानं नागसेनाला हेच विचारलं. नागसेनानं आंबेचोराचा दाखला दिला. चोर म्हणतो, मालकानं लावलेला आंबा वेगळा, मी तोडला तो वेगळा. राजा त्याला सोडेल का? नाही सोडणार, कारण लावलेल्या आंब्यामुळेच हा आंबा आला. वस्तू तीच नाही, पण सांधा तुटलेला नाही. हे उत्तर मला निम्मं पटतं. कारण झाडाला आठवण नसते, माणसाला असते, आणि जे आठवतच नाही त्याची शिक्षा भोगायची, हे न्यायाचं वाटत नाही.

आता बाईंचा प्रश्न. लपवाछपवी करायची नाही. त्याच मज्झिम निकायात शुभ नावाच्या तरुणाला बुद्ध सांगतात की अल्पायुष्य, रोग, दारिद्र्य ही पूर्वीच्या कृत्यांची फळं आहेत. भावकीतल्या माणसाला हे सुत्त सापडलं असतं तर तो खूश झाला असता! पण संयुत्त निकायात मोळिय सीवक नावाचा परिव्राजक येतो आणि विचारतो, माणूस जे जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मानंच, असं काही लोक म्हणतात, आपलं काय मत? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, वेडंवाकडं वागणं, बाहेरून झालेली इजा आणि आठवं कर्मविपाक. म्हणजे आठातलं एक. सगळंच पूर्वकर्मावर ढकलणारे लोक, स्वतःला कळतं आणि जगालाही मान्य आहे अशा गोष्टीच्या पलीकडे धाव घेतात, असं ते स्पष्ट सांगतात.

बाबासाहेब याच्याही पुढे गेले. 1957 साली, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेतच त्यांनी विचारलं आहे : आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसे? गेल्या जन्मीच्या कर्माचा वारसा ही कल्पना त्यांनी नाकारली. गरिबाची गरिबी त्याच्याच पूर्वजन्माच्या माथी मारली की समाजाची जबाबदारी संपते, हे त्यांनी नेमकं ओळखलं. काही बौद्ध अभ्यासकांनी या ग्रंथावर आक्षेप घेतले की हे मूळ ग्रंथांशी जुळत नाही. अक्षरशः जुळत नाही, हे खरंच आहे. पण ज्यांच्या सबंध जातीला शतकानुशतके 'तुमचं मागचं पाप' असं ऐकवलं गेलं, त्यांच्यासाठी लिहिणाऱ्यानं हा प्रश्न टाळावा, ही अपेक्षाच मला अजब वाटते.

मेलेल्यासाठी आपण काही करू शकतो का, हेही लोक विचारतात. बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध आणि पिंडदान करणार नाही, असं आहे. आपल्याकडे जलदान आणि पुण्यानुमोदन करतात. अनुमोदन म्हणजे आनंदानं संमती. गेलेल्याच्या नावे चांगलं काम करायचं, एवढाच मी त्याचा अर्थ घेतो. पंगतीचा खर्च कर्ज काढून होऊ लागला, तर नाव बदललं, बाकी तेच. बुद्धांना असिबंधकपुत्त नावाच्या गावप्रमुखानं असाच प्रश्न केला होता. ते म्हणाले, खोल पाण्यात धोंडा टाका आणि काठावर सगळ्या गावानं हात जोडून 'धोंड्या, वर ये' म्हणून प्रार्थना करा. येईल का? तुपाचं मडकं पाण्यात फोडलं तर खापऱ्या बुडतील, तूप मात्र वर तरंगेल, कितीही विनवण्या केल्या तरी खाली जाणार नाही.

त्या बाई आज आल्या आहेत, मागे बसल्यात. बाई, माझं तेव्हाचं 'नाही' अपुरं होतं. पोराचे पाय का चालत नाहीत, हे डॉक्टरांना विचारा, ते माझ्या विषयात येत नाही. भावकीतला तो माणूस परत बोलला, तर त्याला सीवकाची आठ कारणं बोटांवर मोजून दाखवा आणि विचारा, यातलं आठवंच कसं काय ठरवलंस? आणि सुनेला हे घरी जाऊन आजच सांगा.

आता प्रश्न घेऊ. माईक तिकडे द्या.