रणांगणावर पडलेल्या बंदुकीचा धनी कोण?

शस्त्रांची गोष्ट : लेखांक सहावा

गेल्या आठवड्यात आपण जिंकलेल्या तोफांविषयी बोललो. तोफ लपवता येत नाही, तिची मोजदाद होतेच. बंदुकीचे तसे नाही, आणि या लेखांकाचे सारे प्रश्न तिथूनच सुरू होतात.

उदाहरण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलेच आहे. १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्याच्या परिसरात इंग्रजांच्या कर्नल अ‍ॅडम्सने दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला गाठले आणि तिची दाणादाण उडवली. हाती काय लागले याची नोंद इतिहासकार ग्रँट डफने केली आहे : पाच तोफा, तीन हत्ती, दोनशे उंट. पेशव्याजवळ उरलेल्या तोफा तेवढ्याच होत्या. फौज मात्र हजारोंची होती. त्या माणसांच्या खांद्यावरच्या तोड्याच्या बंदुका, कमरेच्या तलवारी, भाले यांचा आकडा या मोजदादीत नाही. पळालेल्या माणसाबरोबर त्याचे हत्यारही गावाकडे गेले, आणि जून उजाडताच बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला तरी ती हत्यारे गावागावांत राहिली असणार.

यामागे मराठी फौजेची रचनाही होती. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदार घोडा आणि हत्यार स्वतःचे घेऊन चाकरीला येई. त्यामुळे लढाई हरली तरी शिलेदाराच्या लेखी त्याची बंदूक सरकारजमा व्हायचे कारण नव्हते, ती त्याच्या घरची मालमत्ता होती. इंग्रजांच्या बाजूला हिशेब निराळा. जिंकलेला माल राजाचा आणि राजाच्या मर्जीने फौजेत वाटायचा, अशी त्यांची पद्धत. १८१७-१८ च्या या मोहिमेतली लूट कोणत्या सैन्याची, गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या की दख्खनच्या फौजेचा सेनापती हिस्लॉपच्या, यावर लंडनमध्ये पुढे कित्येक वर्षे भांडण चालले.

आजचा कायदा या दोन्हींपेक्षा स्पष्ट आहे. रणांगणावर हस्तगत केलेले शत्रूचे हत्यार जिंकणाऱ्या राष्ट्राचे होते, ज्याने ते उचलले त्या सैनिकाचे नाही. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचे अठरावे कलम युद्धकैद्याजवळ काय राहू द्यायचे ते सांगते. कपडे, भांडी, पदके, हुद्द्याच्या खुणा, इतकेच काय, डोक्यावरचे लोखंडी शिरस्त्राण आणि गॅस मास्कही त्याचेच राहतात. काढून घ्यायचे ते हत्यार, लष्करी साहित्य, लष्करी कागदपत्रे आणि घोडे. मला हे कलम फार माणुसकीचे वाटते. माणूस हरला तरी त्याच्या अंगावरच्या बचावाच्या वस्तूंना हात लावायचा नाही, फक्त त्याची मारण्याची ताकद काढून घ्यायची.

पण काढून घेतलेल्या बंदुकीचे करायचे काय? इथे सगळे काडतुसावर ठरते. १९७१ च्या भारत-पाक युद्धाचे उदाहरण घेऊ. डिसेंबरच्या १० तारखेच्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीने वेढा फोडून निसटायचा प्रयत्न केला आणि ती १ मराठा लाइट इन्फंट्रीच्या, म्हणजे आपल्या जंगी पलटणीच्या, मोर्च्यांवर येऊन आदळली. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार तेव्हा या पलटणीचे प्रमुख होते. त्याआधी भारतीय ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी चिठ्ठी पाठवली होती. बलुच पलटणीच्या प्रमुखाने उत्तराच्या कागदात ७.६२ मिलिमीटरची गोळी गुंडाळून पाठवली.

७.६२ हा आकडा ऐकून सगळ्या गोळ्या सारख्या असे वाटेल, तसे नाही. पाकिस्तानी सैन्याकडे तेव्हा जर्मन बनावटीवरून केलेली जी-थ्री रायफल होती. तिचे ५१ मिलिमीटर लांबीचे काडतूस आपल्या तेव्हाच्या एसएलआर रायफलीलाही चालणारे. चिनी टाइप-५६ चे काडतूस ३९ मिलिमीटरचे, ते आपल्या रायफलीत निरुपयोगी. जुन्या अमेरिकन गॅरंडचे काडतूस तिसरेच. म्हणजे एकाच खंदकात सापडलेल्या तीन बंदुकांचे नशीब तीन प्रकारचे. आपल्या कारखान्यात जिची गोळी बनत नाही, ती बंदूक मूठभर माणसांना प्रशिक्षणासाठी ठीक. पलटणीच्या हाती ती देणे म्हणजे सैनिकाला उद्या रिकाम्या हाताने उभे करणे.

यावर जगात दुसरा उपाय झाला तो नळी बदलण्याचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी हाती आलेल्या रशियन पीपीएसएच बंदुकांपैकी काहींना नवी नळी बसवून त्या आपल्या ९ मिलिमीटरच्या काडतुसावर आणल्या. युद्धानंतर नॉर्वेने जर्मनांच्या सोडलेल्या माउझर रायफली अमेरिकन काडतुसासाठी बदलून घेतल्या.

बाकीच्या बंदुकांची वाट कोतीतून जाते. शस्त्रागाराला आपल्या फौजेत कोत म्हणतात. हत्यार आधी रिकामे करायचे, चेंबरमध्ये गोळी अडकलेली नाही हे पाहायचे, अंगावरचा नंबर नोंदवायचा, मग ते मागे आयुध डेपोत पाठवायचे. काही पलटणीच्या संग्रहालयात जातात, बहुतेकांचे शेवटी तुकडे होतात. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात शरण येताना पाकिस्तानी सेनापती नियाझींनी भारताच्या जनरल अरोरांच्या हाती दिलेल्या रिव्हॉल्व्हरबद्दल जनरल जेकब यांनी लिहून ठेवले आहे, की नंतर पाहिले तर नळीत घाण साचलेली, दोरी मळकी आणि जीर्ण. ते नियाझींचे स्वतःचे नसावे असे त्यांना वाटले.

बंदूक वितळवणे सोपे आहे. जुना, अनोळखी दारूगोळा नष्ट करणे हे खरे जोखमीचे काम, आणि ते करणारी माणसे आपल्या शेजारचीच आहेत. पुलगावचा दारूगोळा डेपो यवतमाळपासून फार लांब नाही. तिथल्या मैदानावर २० नोव्हेंबर २०१८ रोजी मुदत संपलेला, आपल्याच कारखान्याचा दारूगोळा नष्ट करण्यासाठी उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीवरचे मजूर होते. आपल्याच मालाची ही गत, तर शत्रूच्या, कधी आणि कसा साठवला ते ठाऊक नसलेल्या मालाची किती भीती बाळगावी! असा माल हाताळायला रोजंदारीचा माणूस लावूच नये, असे माझे ठाम मत आहे.

नियमित सैन्याबाहेरच्या माणसांच्या हत्यारांचे काय होते, हे पाहायला आता पैनगंगेकडे वळू. १९४८ पर्यंत ही नदी आपल्या जिल्ह्याची आणि निजामी मुलखाची हद्द होती. रझाकारांच्या जाचाने लोक नदी ओलांडून उमरखेड-पुसदकडे येत, आणि अलीकडच्या तीरावरून लढणारे पलीकडे जात. त्या वर्षी १३ सप्टेंबरला भारतीय फौजा निजामी मुलखात शिरल्या, १८ तारखेला निजामाचे सेनापती एल एद्रूस जनरल चौधरींना शरण आले. नियमित सैन्याची हत्यारे नोंदवून घेता आली. रझाकारांची मात्र गावोगाव विखुरलेली. आणि तेलंगणात सशस्त्र लढा त्यानंतरही १९५१ पर्यंत चालू राहिला. बांगलादेशात वेगळा मार्ग निघाला : जानेवारी १९७२ मध्ये टांगाइलला मुक्तियोद्धे कादर सिद्दिकी यांच्या माणसांनी शेख मुजीब यांच्यासमोर आपली हत्यारे ठेवली.

कुणाच्या घरी माळ्यावर आजोबांच्या काळची बंदूक असेल, तर कायदा असा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या २१ व्या कलमाप्रमाणे, ताबा कायदेशीर राहिला नसेल तर हत्यार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचे असते. सैन्यातल्या माणसाला ते पलटणीच्या कोतीतही ठेवता येते. वारसाने ठेवायचे असेल तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन चालत. लष्करी काडतुसाची बंदूक असेल तर ती सहसा ‘प्रोहिबिटेड बोअर’मध्ये मोडते, आणि तिचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हाती असतो. बंदूक भरलेली आहे की रिकामी हे ठाऊक नसेल, तर तिला हात लावू नका, पोलिसांनाच घरी बोलवा.