रेकॉर्डर नांवाची बांसरी

रेकॉर्डर हा शब्द ऐकतांच ध्वनि टिपून ठेवणारें यंत्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहील. परंतु ज्याच्याविषयीं मी आज बोलणार आहें, तें त्या यंत्राहून कित्येक शतकें जुनें असें एक सुषिर वाद्य आहे. इंग्रजींतील 'रेकॉर्ड' या क्रियापदाचा एक जुना अर्थ 'सूर घोळून पाठ करणें' असा होता. त्यावरून हें नांव पडलें असें मानतात.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मी हें वाद्य शिकूं लागलों. कित्येक शाळांतून तें लहान मुलांच्या हातीं देतात. त्यामुळें तो एक पोरखेळ आहे, अशी समजूत रूढ झाली आहे. ती कितपत खरी आहे हें ठरविण्यास वाद्याची रचना आणि त्याचा इतिहास हीं दोन्ही एकत्र पाहिलीं पाहिजेत.

आपली आडवी बांसरी वाजवितांना फुंक ओठांनीं वळवावी लागते, आणि तें साधण्यांतच बराच काळ जातो. रेकॉर्डर अलगुजाप्रमाणें उभा धरतात. त्याच्या चोंचीसारख्या तोंडांत लांकडाचा एक ठोकळा बसविलेला असतो. त्याच्या वरच्या अरुंद फटींतून श्वास जातो, समोरच्या धारेवर आदळतो आणि नळींतील हवेला कंप देतो. पुढें सात आणि मागें आंगठ्यासाठीं एक, अशीं आठ छिद्रें. आंगठ्याचें छिद्र किंचित् उघडलें कीं वरचें सप्तक बोलतें. एकंदर पल्ला दोन सप्तकांहून थोडा अधिक.

फुंकेची वाट अशी आंखून दिलेली असल्यामुळें पहिल्याच दिवशीं स्वर निघतो. परंतु जी सोय तीच अडचण. फुंक जोरानें घातली तर स्वर मोठा होतो, पण त्याबरोबर चढतोही. हळू घातली तर उतरतो. सुरांत राहावयाचें तर आवाज लहानमोठा करण्यास फारसा वाव उरत नाहीं. मग वादकानें भाव प्रकट करावा कसा?

या प्रश्नाचें उत्तर बरोक संगीतांत सांपडतें. युरोपांतील सुमारें १६०० ते १७५० पर्यंतच्या संगीतास हें नांव आहे. वेड्यावांकड्या मोत्याला पोर्तुगीज भाषेंत जो शब्द आहे, त्यापासून तें आलें असें म्हणतात. प्रथम तें निंदेनेंच लावलें गेलें. या संगीतांत तळाशीं मंद्र स्वरांची एक अखंड ओळ चालते. त्या ओळीवर लिहिलेल्या आंकड्यांवरून हार्पसिकॉर्ड वाजविणारा स्वरसंघ तेथल्या तेथें भरतो, आणि वरची धून वाजविणारा ती आपल्या बुद्धीनें सजवितो. कागदावर थोडें आणि वादकाच्या पदरीं पुष्कळ, ही गोष्ट बंदिशीचा विस्तार ऐकणाऱ्या आपल्या कानांना परकी वाटणार नाहीं.

तेव्हां भाव होता तो स्वराच्या लांबींत, दोन स्वरांमधील विरामांत, अलंकारांत आणि जिभेच्या आघातांत. १७०७ सालीं झाक ओतेतेर या फ्रेंच वादकानें आपल्या ग्रंथांत 'तु' आणि 'रु' हीं अक्षरें जिभेनें कशीं उच्चारावीं याचे नियमच घालून दिले आहेत. तबल्याचा विद्यार्थी बोल हातांत आणण्यापूर्वीं तोंडीं म्हणतो, तशांतलाच हा प्रकार.

हें वाद्य प्रौढांचें कसें होतें, याचीं दोन उदाहरणें देतों. हॉलंडांतील यूट्रेख्त येथें याकोब फान आयक हा जन्मांध वादक मनोऱ्यावरील घंटा वाजवीत असे. १६४९ सालीं त्याचें वेतन ८० गिल्डरांवरून १०० करण्यांत आलें, तें या अटीवर कीं, संध्याकाळीं चर्चच्या आवारांत फिरावयास येणाऱ्यांना त्यानें आपली छोटी बांसरी अधूनमधून ऐकवावी. त्याच्या संग्रहांत सुमारें दीडशें धुनी आहेत. साधी धून प्रथम येते, मग ती अधिकाधिक द्रुत स्वरांनीं गुंफली जाते. दुसरें उदाहरण लंडनचें. इंग्रजी आरमाराच्या कारभारांतील अधिकारी सॅम्युएल पीप्स यानें १६६८ च्या फेब्रुवारींत नाटकगृहांत सुषिर वाद्यें ऐकलीं, तो मोहून गेला, आणि एप्रिलांत त्यानें शिकण्यासाठीं रेकॉर्डर विकत घेतला. तेव्हां त्याचें वय ३५ होतें.

बाखनें १७२१ मध्यें ब्रांडेनबुर्गच्या मारग्राफला सहा कॉन्चेर्टो अर्पण केले. त्यांतील दुसऱ्यांत हा मृदु रेकॉर्डर चक्क ट्रम्पेटच्या शेजारीं बसविला आहे. परंतु पुढें सभागृहें मोठीं झालीं, वाद्यवृंद वाढले, आणि हळूहळू चढत जाणाऱ्या नादाची गोडी लागली. आडव्या फ्लूटला हें जमत होतें. रेकॉर्डर मागें पडला. जुन्या स्वरलिपींत नुसता 'फ्लाउटो' हा शब्द बहुधा रेकॉर्डरसाठींच असे; पण पुढच्या पिढ्यांनीं त्या जागा आडव्या फ्लूटवरच वाजविल्या.

त्याचें पुनरुज्जीवन झालें तें एका हानीमुळें. आर्नोल्ड डोल्मेच यांच्याजवळ ब्रेसन या जुन्या कारागिराचा एक रेकॉर्डर होता. १९१९ सालीं तो ज्या पिशवींत होता ती लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावर राहून गेली. डोल्मेच यांनीं पूर्वीं घेतलेल्या मापांवरून नवा रेकॉर्डर घडविला. १९२५ पासून हेझलमिअर येथील त्यांच्या उत्सवांत जुनें संगीत जुन्याच वाद्यांवर ऐकूं येऊं लागलें. पुढें प्लॅस्टिकचे स्वस्त रेकॉर्डर निघाले आणि शाळाशाळांत पोंचले. प्रसार झाला, पण वाद्याची प्रतिष्ठा मात्र त्या मानानें वाढली नाहीं.

आपल्या घरीं असा एखादा रेकॉर्डर पडून असेल तर तो काढा. डावा हात वर ठेवा, आरशावर वाफ धरावी इतक्याच हळुवारपणें फुंका, आणि प्रत्येक स्वर 'तु' म्हणून सुरू करा. प्रारंभीं डाव्या हाताचे तीनच स्वर घ्या, पण ते लांब आणि स्थिर ठेवा. विकत घ्यावयाचा असल्यास बरोक पद्धतीच्या छिद्रांचा घ्या. जर्मन पद्धतीच्या छिद्रांवर एक स्वर सोपा होतो, परंतु कांहीं विकृत स्वर बिघडतात.

मुलांच्या हातीं हें वाद्य अवश्य द्यावें, पण खेळणें म्हणून नव्हे. जोर करून जें बिघडतें आणि संयमानें जें सुधारतें, असें हें वाद्य आहे. आणि दीडशें वर्षांच्या एका थोर संगीताचें मर्म पुस्तकाहून लवकर तें आपल्या श्वासाला शिकवितें.