तेरेखोलची अक्षरं किती?

“सात कसे, मामा?”

भाचीने पायथनला ‘तेरेखोल’ या शब्दाची लांबी विचारली आहे आणि पायथनने सात हा आकडा दिला आहे. ती बोटांवर पुन्हा मोजते. ते, रे, खो, ल. चारच.

ओट्यावर चटई टाकून आम्ही बसलोय. पावसाची सर नुकतीच ओसरली आहे. लाइट सकाळपासून नाही, लॅपटॉप बॅटरीवर चालतोय. माडांच्या खाली नदीचं लाल गढूळ पाणी समुद्रात शिरताना दिसतं, पलीकडे केरीचं सुरूचं बन. तेरेखोल गोव्यातलं, पण नदीच्या उत्तर काठावरचं. बाकीचा सगळा गोवा पाण्यापलीकडे, आणि आमच्या पाठीमागे जमिनीने लागून रेडी, म्हणजे महाराष्ट्र. वरचा किल्ला सावंतवाडीकर भोसल्यांचा. १७४६ साली तो पोर्तुगिजांनी घेतला आणि हद्द अशी वाकडी झाली. भाची आठवीत आहे आणि शाळेसाठी रोज फेरीबोटीने केरीला जाते. गोवा सरकारच्या केअर्स योजनेत सहावी ते आठवीच्या मुलांना कोडिंग शिकवतात. त्यामुळे प्रोग्रॅम म्हणजे काय हे तिला सांगावं लागत नाही. पण देवनागरीत प्रोग्रॅम चालवून बघायची कल्पना तिची स्वतःची.

मी तिला त्या सात खुणा सुट्या करून दाखवतो. त, मग एकार, र, पुन्हा एकार, ख, ओकार, ल. संगणकाजवळ ‘ते’ असं एक अक्षर नाही. त वेगळा, मात्रा वेगळी.

“म्हणजे मात्रा मोजल्या त्याने.”

“मोजल्या.”

दुसरी खिडकी उघडून तोच शब्द मी गो भाषेला देतो. उत्तर येतं एकवीस. तिसऱ्या खिडकीत स्विफ्ट. तिचं उत्तर चार. भाची स्विफ्टवर खूश होते, गो तिला खुळी वाटते. पण गो चुकलेली नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण साठवायला तीन बाइट लागतात, साती त्रिक एकवीस. ती साठवणीची जागा मोजते. यूटीएफ-८ ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी बसवली, आणि पुढे गो भाषा घडवणाऱ्या तिघांत हे दोघे होते. आपण काय मोजतोय हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. पायथन खुणा मोजते, स्विफ्ट वाचणाऱ्याच्या डोळ्याला दिसतं ते मोजते. तिन्ही उत्तरं खरी आहेत. कुठल्या कामाला कुठलं उत्तर लागतं हे मात्र माणसाला कळायला हवं.

फोनला मध्येच रेंज येते आणि पुण्याच्या ऑफिसच्या ग्रुपवरचे मेसेज एकदम कोसळतात. आमची एक जुनी सर्व्हिस जावात आहे. ती रस्टमध्ये नव्याने लिहायची की गोमध्ये, यावर संध्याकाळपर्यंत मत द्यायचं आहे. दोन्हीकडचे लोक हिरिरीने लिहितायत, वेगाचे तक्ते टाकतायत.

रस्टबद्दल मला मनापासून आदर आहे. मेमरीच्या ज्या चुकांनी सी भाषेतल्या प्रोग्रॅमांना पन्नास वर्षं छळलं, त्यातल्या बहुतेक ती प्रोग्रॅम चालण्याआधीच अडवते. २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात तिला जागा मिळाली ती उगीच नाही. पण आमची सर्व्हिस काय करते? ग्राहकाचं नाव घेते, डेटाबेसमधून त्याच्या नोंदी काढते आणि पडद्यावर दाखवते. तिचा वेळ जातो डेटाबेसची आणि नेटवर्कची वाट बघण्यात. ती रस्टमध्ये लिहिली म्हणून या ओट्यावर रेंज लवकर येणार नाही. जावाला लोक शब्दबंबाळ म्हणतात. मला तिचा तो भारदस्त पसारा आवडतो. लिहिणारा नोकरी सोडून गेल्यावर नवीन आलेल्या मुलीला तो कोड वाचून समजतो, आणि आमच्या धंद्यात लिहिणारे सारखे सोडून जातात. दर दोन वर्षांनी नवी भाषा घेतल्याने घेणाऱ्याच्या बायोडेटात एक ओळ वाढते. ग्राहकाला त्यातून काय मिळालं, हे मीटिंगमध्ये कुणीतरी विचारायला हवं. ज्या ‘कऱ्हाडे’ आडनावाच्या बाईंची नोंद आमच्या शोधात सापडत नाही, त्यांची तक्रार कितीतरी महिने तशीच पडून आहे. तिच्यावर कुणी मत मागवलेलं नाही.

भाची तोवर पुढे गेली आहे. “उलटा करू?”

शब्द उलटा करणं हा मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न. पुण्या-बंगळुरात कित्येक मुलांनी तो सोडवून नोकरी मिळवली असेल. पायथनमध्ये त्याचं उत्तर एका कंसात मावतं आणि मुलाखत घेणारा मान हलवतो. भाची तेच लिहिते. पडद्यावर येतं: लोखेरेत.

ती पडद्याजवळ तोंड नेते. “खोचा ओकार लला गेला. रेचा एकार खला. सगळ्यांच्या मात्रा दुसऱ्याकडे गेल्या. लखोरेते यायला हवं ना?”

आता ती ‘केरी’ घालते. उलट्या शब्दाच्या सुरुवातीलाच दीर्घ ईकार एकटा येतो, आणि त्याला टेकायला व्यंजन नाही म्हणून संगणक तिथे ठिपक्यांचं गोल काढतो. ते गोल बघून ती हसत सुटते. मला हसू येत नाही. इंग्रजी अक्षरांवर तपासलेली हीच एक ओळ आमच्याकडे बरोबर उत्तर म्हणून शिकवली जाते, पाठ केली जाते, तिच्यावर पगार ठरतात. आणि ती ओळ केरी या दोन अक्षरी गावाला उलटं करू शकत नाही.

साधनं नाहीत असंही नाही. १९९१ हे एकच वर्ष घ्या. पायथन त्या वर्षी जगापुढे आली, लिनक्स आलं, युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि भारतीय लिप्यांसाठीचं इस्की हे प्रमाणही त्याच वर्षी ठरलं. पुण्यात सी-डॅकचा परम ८००० उभा राहिला तोही त्याच वर्षी. देवनागरीला बसायला खुर्ची पहिल्या दिवसापासून आहे. पायथनला देवनागरी अंक दिले तर ती त्यांची बेरीज करते, मराठीत नावं दिलेले चल चालवते. कमी पडतोय तो चाचणी लिहिणारा. तो चाचणीत ‘जॉन’ आणि ‘स्मिथ’ घालतो, स्वतःच्या आईचं नाव घालत नाही. याचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

“मात्रा आली तर आधीच्या अक्षराला चिकटवायची,” भाची ठरवते. खूण मात्रेच्या जातीची आहे का हे पायथनला कसं विचारायचं, तेवढं मी सांगतो. बाकी ती लिहिते. लखोरेते. रीके. पेडणे उलटून णेडपे. शिरोडा उलटून डारोशि. तिची आई आतून चहा आणून ठेवते, तो निवतो.

मी म्हणतो, सातार्डा घाल.

येतं: डार्तासा. रफार डावरून उडून तावर बसलाय. आता ती गप्प होते. वहीत ‘सातार्डा’ लिहून खुणा सुट्या करते. र, मग पाय मोडल्याची खूण, मग ड. तिच्या नियमाने मोडका पाय रला चिकटला, पण ड वेगळा राहिला.

“पाय मोडलेला असला तर पुढचंही घ्यायचं.”

दुसरी अट पडते. र्डातासा. बरोबर! युनिकोडच्या अक्षरं तोडण्याच्या नियमांत जोडाक्षर अखंड धरण्याची ही तरतूद १५.१ या आवृत्तीत आली, २०२३ साली. आठवीतल्या पोरीला सातार्ड्यावरून जे अर्ध्या तासात दिसलं, ते तिथवर पोचायला बत्तीस वर्षं लागली. हे मी तिला सांगतो. ती निवलेला चहा पिते.

मग मी आमच्या तक्रारीतलं आडनाव तिला देतो, तक्रारीतूनच उचलून. कऱ्हाडे. उत्तर येतं: डेहार्‍क. तेच आडनाव ती स्वतः टंकते तेव्हा बरोबर येतं, डेऱ्हाक. मूळ दोन्ही शब्द पडद्यावर एकाखाली एक, हुबेहूब सारखे. ती पायथनला विचारते, दोन्ही एकच का? पायथन म्हणते, नाही.

“मामा, लांबीपण वेगळी. एकात आठ, एकात सात. इथे काहीतरी आहे, दिसत नाही.”

“प्रत्येक खुणेचा नंबर छाप.”

ती छापते. पहिल्यात रच्या मोडक्या पायानंतर एक जोडणारी खूण आहे, न दिसणारी, रुंदी नसलेली. दुसऱ्यात ती नाही, तिच्याऐवजी खाली नुक्ता असलेला ऱ आहे. अर्धा र लिहायच्या या दोन वाटा. कुठल्या कीबोर्डने कुठली धरली हे टंकणाऱ्याला कळतही नाही. बाईंनी फॉर्म भरला एका वाटेने, आमचा माणूस शोधतो दुसऱ्या वाटेने.

भाची तिसरी अट लिहायला घेते. मी डेटाबेसमध्ये नावं साठवण्याआधी एकाच वाटेवर आणायची दुरुस्ती लिहितो. ती जावातच बसते, दहाबारा ओळींत. रेंज येते तशी ती पाठवून देतो आणि ग्रुपवर लिहितो: माझं मत, भाषा आहे तीच राहू द्या, आधी चाचणीत ही नावं घाला, प्रत्येक शोध, प्रत्येक क्रमवारी त्यांच्यावर चालवून बघा.

लगेच विचारणा येते, कुठली नावं?

मी फोन भाचीकडे देतो. ती टंकत सुटते: तेरेखोल, केरी, सातार्डा, आरोंदा, पेडणे. “आणि कऱ्हाडे दोनदा लिहिते हां मामा, दोन्ही तऱ्हांनी.”