कुक काउंटीचे ऐंशी कारभारी

शिकागो आणि त्याची जवळची उपनगरे मिळून इलिनॉय राज्यातील कुक काउंटी होते. तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या शाखेइतकी गाजलेली स्थानिक शाखा अमेरिकेत क्वचितच सापडेल.

रचना

शहराचे ५० वॉर्ड आणि उपनगरांतील ३० टाउनशिप, प्रत्येकाचा एक ‘कमिटीपर्सन’. हे ८० जण म्हणजेच काउंटी समिती. त्यांना वरून कोणी नेमत नाही. दर चार वर्षांनी प्रायमरीत, म्हणजे पक्षाचे उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत, पक्षाची मतपत्रिका घेणारे सामान्य मतदारच त्यांना निवडतात. आपल्या जिल्हाध्यक्षांना याचा हेवा वाटेल, किंवा धास्ती.

मताचे वजन

समितीत सगळ्यांचे मत सारखे मोजले जात नाही. ज्याच्या वॉर्डात प्रायमरीला पक्षाचे मतदान जास्त, त्याचे मत जड. विधिमंडळाची जागा मध्येच रिकामी झाली, तर पोटनिवडणूक न घेता त्या मतदारसंघातले कमिटीपर्सन मतांच्या वजनानुसार नवा सदस्य नेमतात. २०२१ मध्ये मायकेल मॅडिगन यांनी आमदारकी सोडली, पण १३व्या वॉर्डाचे कमिटीपर्सनपद राखले. मतांचे निम्म्याहून अधिक वजन त्यांच्याकडेच होते. आपला वारस त्यांनी स्वतःच नेमला. तो काही दिवसांतच पायउतार झाला, तेव्हा दुसराही नेमला गेला. सगळे कायदेशीर!

उमेदवारांची यादी

प्रायमरीआधी इच्छुक समितीपुढे हजेरी लावतात आणि समिती आपली यादी ठरवते. न्यायाधीशपदाचे उमेदवारही त्यात असतात, कारण इथे न्यायाधीश निवडून येतात. १९५५ मध्ये समितीने विद्यमान महापौर केनेली यांना डावलून आपलेच अध्यक्ष रिचर्ड डेली यांना पुढे केले. १९७६ मध्ये मृत्यू येईपर्यंत डेली महापौरही राहिले आणि शाखेचे अध्यक्षही.

नोकऱ्यांचे इंधन

डेलींच्या काळात मते आणणाऱ्या कार्यकर्त्याला महापालिकेत नोकरी मिळे. मते घटली की ती धोक्यात येई. मायकेल शॅकमन या वकिलाने १९६९ मध्ये याविरुद्ध दावा लावला. १९७२च्या आदेशाने राजकीय कारणावरून कामावरून काढणे बंद झाले, १९८३ मध्ये भरतीवरही बंधन आले.

आजची ताकद

यादीत नाव आले की जिंकलोच, असे आता नाही. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष जोसेफ बेरिओस प्रायमरीत असेसरपद (करासाठी मालमत्तेचे मूल्य ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचे पद) गमावून बसले. शाखेच्या अध्यक्षपदी त्यांच्या जागी आलेल्या टोनी प्रेकविंकल २०१९ मध्ये महापौरपदासाठी उभ्या राहिल्या आणि लोरी लाइटफूट यांच्याकडून पन्नासही वॉर्डांत हरल्या. शाखेचे अध्यक्षपद मात्र त्यांच्याकडेच राहिले.