लेटरबॉक्सिंग

सार्वजनिक उद्याने, वने, माळराने इ. ठिकाणी दडवून ठेवलेल्या लहान पेट्या लेखी सूचनांच्या साहाय्याने शोधून काढण्याचा एक मैदानी छंद. पदभ्रमण, नकाशावाचन आणि कूटप्रश्न सोडविणे या तिन्हींचा त्यात मेळ असतो. ‘लेटरबॉक्स’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ टपालपेटी असा असून या छंदाच्या आरंभीच्या काळातील एका प्रथेवरून त्याला हे नाव मिळाले. पेटी दडविणारा एक आणि शोधणारे अनेक, अशी या खेळाची रचना आहे. ज्या भूमीवर तो खेळला जातो, ती मात्र सर्वांची वा तिसऱ्याच कोणाची तरी असते. त्यामुळे पेटी कोठे व कशी दडवावी, हा या छंदातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

इतिहास : या छंदाचा उगम इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातील डेव्हन परगण्यात, डार्टमूर या पठारी प्रदेशात झाला. चॅगफर्ड या गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या पर्यटकांना डार्टमूरच्या अंतर्भागात नेत असे. क्रॅनमिअर पूल हे दलदलीने वेढलेले, पोहोचण्यास कठीण असे स्थळ होते. तेथवर आलेल्यांना आपल्या नावाचे कार्ड मागे ठेवता यावे, म्हणून पेरटने 1854 मध्ये तेथे एक बाटली ठेवली. पुढे बाटलीच्या जागी पत्र्याची पेटी आली व 1937 मध्ये दगडी पेटी बांधण्यात आली. मध्यंतरी एक वेधक प्रथा रूढ झाली होती. येथे येणारा आपला पत्ता लिहिलेले पोस्टकार्ड पेटीत ठेवी आणि त्यानंतर येणारा अनोळखी प्रवासी ते नेऊन टपालात टाकी. कार्ड किती दिवसांनी घरी परतते, यावरून त्या स्थळाच्या दुर्गमतेची कल्पना येई. डार्टमूरविषयी विपुल लेखन करणारे विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ 1938 मध्ये दक्षिण डार्टमूरमधील डक्स पूल येथे पेटी ठेवण्यात आली.

1970 नंतर हा छंद झपाट्याने फैलावला. पेट्यांची सूची निघू लागली, शंभर पेट्या शोधणाऱ्यांचे मंडळ स्थापन झाले आणि पेट्यांची संख्या काही हजारांवर गेली. स्मिथसोनियन या अमेरिकन मासिकात 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखामुळे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत त्याचा प्रसार झाला. मे 2000 मध्ये उपग्रहीय स्थाननिश्चितीचे अचूक संकेत नागरिकांना उपलब्ध झाले. त्यांच्या आधारे त्याच महिन्यात ऑरेगन राज्यात ‘जिओकॅशिंग’ हा जवळचा छंद सुरू झाला.

साहित्य व पद्धती : पेटी म्हणजे सामान्यतः घट्ट झाकणाचा, पाणी न शिरणारा लहान डबा होय. त्यात एक रबरी शिक्का व एक नोंदवही असते. शोधक आपल्याबरोबर स्वतःचा शिक्का, शाईची गादी, वही व होकायंत्र बाळगतो. पेटी सापडल्यावर तिच्यातील शिक्क्याचा ठसा तो आपल्या वहीत घेतो आणि आपल्या शिक्क्याचा ठसा पेटीतील वहीत उमटवितो. अमेरिकेत हाताने कोरलेल्या शिक्क्यांना विशेष मान आहे. पेटी जागची हलवावयाची नसते. पाहून झाल्यावर ती होती तशीच झाकून ठेवावयाची असते.

भूमीची हानी : एखाद्या स्थळी वर्षातून दहा माणसे आली, तर त्यांचा माग उरत नाही, तेथेच शेकडो आली, तर नवी पायवाट पडते. डार्टमूरच्या उंच भागातील जमीन पीटची आहे. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनणारा हा थर वर्षाला सु. एक मिलिमीटर इतक्या मंद गतीने वाढतो. त्यावरील गवताचे आच्छादन तुडवले गेले की, उघडा पडलेला थर पावसाने वाहून जातो. एका हंगामात झालेली झीज भरून येण्यास शतके लागतात. शिवाय या प्रदेशात कांस्ययुगीन वर्तुळाकार घरांचे पाये, शिलारांगा व दगडी थडगी मोठ्या संख्येने आहेत. अनभिज्ञ माणसाला ते केवळ दगडांचे ढीग वाटतात आणि पेटी दडविण्यास सोयीचेही वाटतात. परंतु त्यांतील एक दगड जरी हलविला, तरी पुरातत्त्वज्ञाला मिळणारा पुरावा कायमचा नष्ट होऊ शकतो.

पेटी दडविण्याचे संकेत : या अनुभवातून डार्टमूर येथे एक आचारसंहिता तयार झाली व तिची मुख्य सूत्रे इतरत्रही मान्यता पावली. पेटी पुरातन अवशेषांत वा त्यांच्या निकट, भिंतींत, इमारतींत किंवा धोक्याच्या जागी ठेवू नये, तसेच सिमेंट वा तत्सम साहित्य वापरून ती पक्की बसवू नये, असे ही संहिता सांगते. जमीन खणणे, झाडाला खिळा ठोकणे, पक्ष्यांच्या ढोल्या वा प्राण्यांची बिळे वापरणे हेही वर्ज्य होय. पेटी नैसर्गिक फटीत ठेवून तेथेच पडलेल्या सुट्या दगडांनी वा वाळलेल्या काटक्यांनी झाकणे पुरेसे असते. पेटीत खाद्यपदार्थ ठेवल्यास वासाने प्राणी येऊन ती फोडतात.

सर्वांत आधी जागेच्या मालकाची वा व्यवस्थापनाची अनुमती आवश्यक असते. सार्वजनिक उद्यान सर्वांसाठी खुले असले, तरी तेथे वस्तू ठेवून जाण्याचा अधिकार त्यातून आपोआप मिळत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत अनुमतीविना ठेवलेली पेटी बेवारस वस्तू समजून काढून टाकली जाऊ शकते. अनुमतीचा दुसरा लाभ सुरक्षिततेचा आहे. 2011 मध्ये इंग्लंडमधील वेदरबी येथे जिओकॅशिंगचा एक निरुपद्रवी डबा संशयास्पद वस्तू समजला गेला व तो नियंत्रित स्फोटाने उडविण्यात आला. म्हणून पेटीच्या बाहेर तिचा हेतू स्पष्ट लिहावा आणि शाळा, पूल, रेल्वेमार्ग वा वीजयंत्रणा यांच्याजवळ ती ठेवू नये. उत्तर डार्टमूरचा काही भाग सैन्याच्या गोळीबार-सरावासाठी वापरला जातो. क्रॅनमिअर पूलही याच क्षेत्रात येत असल्याने तेथे सरावाच्या वेळा पाहूनच जावे लागते.

सूचनांचे महत्त्व : पेटीइतकीच तिची सूचनाही जबाबदारीने लिहावी लागते, ही गोष्ट पुष्कळदा दुर्लक्षित राहते. ब्रिटिश नकाशावरील सहा अंकी स्थानांक शंभर मीटर बाजूचा चौरस दर्शवितो. खडकाळ उतारावर अशा चौरसात शेकडो दगड असतात. केवळ तेवढाच आधार मिळाला, तर प्रत्येक शोधक ते उलथून पाहू लागतो. त्याला दूरच्या दोन-तीन ठळक खुणांच्या होकायंत्रीय दिशांची जोड दिली, तर त्या रेषा जेथे छेदतात तेवढीच जागा पाहावी लागते. कोडे अवघड असावयास हरकत नाही. पण ते वाचताना सुटावे, जमिनीवर पोहोचल्यानंतर शोधाशोध करावी लागू नये. सूचनेतील संदिग्धतेचे मूल्य शेवटी गवताला व दगडांना द्यावे लागते.

पेटी ठेवणाऱ्याने तिची वेळोवेळी पाहणी करावी, भिजलेली वही बदलावी आणि सभोवती पायवाट पडू लागल्यास जागा बदलावी. देखभाल करणे अशक्य झाल्यास पेटी काढून घ्यावी. अन्यथा ती निव्वळ कचरा ठरते. पेटी उचलल्यानंतर ती तेथे होती याची कोणतीही खूण उरू नये, ही योग्य रीतीने दडविलेल्या पेटीची कसोटी मानली जाते.